बातमी योजनेची, रुग्णाची नव्हे!

आरोग्यसुधारणांच्या वार्तांकनात आकाशवाणीचा तोल नेमका कोठे जातो?

लोणी देवकर (ता. इंदापूर) : पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी देवकर हे गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडे वसले आहे. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे उसाचे मळे आणि थोड्या अंतरावर उजनी धरणाचा फुगवटा. त्या पाण्याच्या पलीकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो. जिल्ह्याची ही सीमा डोळ्यांना सहज दिसते, कानांना मात्र ती कळत नाही. आकाशवाणी पुणे केंद्राच्या बातम्या पाण्याच्या दोन्ही तीरांवर एकाच आवाजात ऐकू येतात. आरोग्याच्या बातमीत नेमकी हीच गोष्ट अडचणीची ठरते.

राज्य सरकारने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत, अशी ही योजना होती. ठराविक ९७० हून अधिक उपचारांचा तिच्यात समावेश होता. पहिल्या टप्प्यात मात्र गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे आठच जिल्हे होते. पुण्याचे नाव त्या यादीत नव्हते. पुण्यासह उर्वरित महाराष्ट्राला ही योजना २१ नोव्हेंबर २०१३ रोजी मिळाली. याचा अर्थ असा, की सोळा महिन्यांहून अधिक काळ टेंभुर्णीच्या रुग्णाला जी सवलत होती, ती लोणी देवकरच्या रुग्णाला नव्हती.

आता 'राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली' हे वाक्य घ्या. त्यात एकही शब्द खोटा नाही. परंतु ते ऐकून शिधापत्रिका घेऊन रुग्णालयाच्या दारी गेलेल्या इंदापूर तालुक्यातील शेतमजुराच्या दृष्टीने ते पूर्ण खरेही नाही. सरकारी रेडिओच्या पक्षपाताची चर्चा आपल्याकडे नेहमी कोणत्या पक्षाला किती मिनिटे मिळाली, या हिशोबापाशी थांबते. आरोग्याच्या बाबतीत हा पक्षपात अधिक सूक्ष्म असतो. घोषणा ऐकवली जाते. तिची मर्यादा, तिच्यावरचा आक्षेप आणि तिचे पुढे काय झाले, हे मागे राहते.

प्रचार आणि बातमी

या दोषाचे मूळ आकाशवाणीच्या एका मोठ्या गुणात आहे. देवीचे निर्मूलन, माता-बाल संगोपन, क्षयरोग, १९९५ पासूनची पल्स पोलिओ मोहीम या सर्व कामांत रेडिओने देशाची मोठी सेवा केली. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्त घोषित करण्यात आले. त्या यशात घराघरांत पोहोचलेल्या या आवाजाचा वाटा नाकारता येणार नाही. 'बाळाला डोस पाजा' या संदेशाला दुसरी बाजू नसते. तेथे एकतर्फी असणे हेच कर्तव्य असते.

आरोग्यसुधारणेचे तसे नाही. ती धोरणाची बाब आहे आणि धोरणाला नेहमी दोन बाजू असतात. महाराष्ट्रात गेली दोन दशके मुख्य वाद असा आहे : सरकारने विम्याच्या मार्गाने खासगी रुग्णालयांकडून उपचार विकत घ्यावेत, की तोच पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि रिक्त पदे यांवर खर्च करावा? पहिल्या बाजूचे म्हणणे असे, की हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगाच्या उपचारासाठी गरिबाला सरकारी यंत्रणा सुधारण्याची वाट पाहायला लावणे अन्यायाचे आहे. दुसरी बाजू सांगते, की ताप, बाळंतपण, सर्पदंश यांसाठी जवळचे केंद्र सक्षम नसेल, तर दूरच्या शहरातील पंचतारांकित शस्त्रक्रियेचा उपयोग मोजक्यांनाच होतो. दोन्ही युक्तिवाद जबाबदार आहेत.

अडचण अशी, की लसीकरणाच्या प्रचाराची सवय धोरणाच्या बातमीतही उतरते. योजना हीच जणू लस ठरते. तिचा प्रसार व्हावा, तिच्याविषयी शंका नको, ही वृत्ती बातमीच्या भाषेत शिरते. 'लाभ', 'लाभार्थी', 'शुभारंभ', 'संकल्प' हे शब्द सरकारी पत्रकातून थेट निवेदनात येतात. अशा वेळी श्रोत्याला बातमी मिळत नाही, पत्रक मिळते.

आणीबाणीचा धडा

ही सवय टोकाला गेली म्हणजे काय होते, याचा अनुभव देशाने १९७५ ते १९७७ या काळात घेतला. एप्रिल १९७६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. नसबंदीची उद्दिष्टे शिक्षक, तलाठी, पोलिस अशा सर्व खात्यांवर लादली गेली. शाह आयोगासमोर आलेल्या आकडेवारीनुसार १९७५-७६ मध्ये सुमारे २६ लाख, तर १९७६-७७ मध्ये सुमारे ८१ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र तर आणखी एक पाऊल पुढे होता. तीन किंवा अधिक अपत्ये असलेल्या जोडप्यांना सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केले. ते अखेर कायदा बनले नाही.

त्या काळात वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था उभी करण्यात आली होती आणि आकाशवाणी थेट माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या अखत्यारीत होती. कुटुंबनियोजनाचा प्रचार अहोरात्र चालू होता. सक्तीची बातमी मात्र खेड्यापाड्यांत कानोकानी फिरत होती. परिणाम असा झाला, की लोकांचा रेडिओवरील विश्वास उडाला आणि त्याबरोबर कुटुंबनियोजनावरचाही. मार्च १९७७ च्या निवडणुकीनंतर आलेल्या जनता सरकारने त्याच वर्षी प्रसारमाध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली. आरोग्याच्या बातमीतील एकतर्फीपणा शेवटी आरोग्याच्या कामालाच बाधतो, हा त्या दीड-दोन वर्षांचा धडा आहे.

कायदा काय सांगतो?

त्या अनुभवातून बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९७८ मध्ये तिने 'आकाश भारती' या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. ती प्रत्यक्षात आली नाही. पुढे १९९० मध्ये प्रसार भारती कायदा संमत झाला. त्याची अंमलबजावणी व्हायला १९९७ साल उजाडले. २३ नोव्हेंबर १९९७ रोजी आकाशवाणी व दूरदर्शन प्रसार भारती महामंडळाकडे आले.

या कायद्याचे बारावे कलम प्रत्येक श्रोत्याने माहीत करून घ्यावे असे आहे. सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची माहिती मुक्तपणे, सत्य स्वरूपात आणि वस्तुनिष्ठपणे मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपणे, परस्परविरोधी मतांसह माहितीचा समतोल प्रवाह ठेवणे आणि स्वतःचे कोणतेही मत वा विचारसरणी न लादणे, ही महामंडळाची उद्दिष्टे त्यात नोंदवलेली आहेत. त्याच कलमात ग्रामीण विकास, शेती, आरोग्य व कुटुंबकल्याण या विषयांकडे विशेष लक्ष देण्याचेही बंधन आहे. समतोल आणि आरोग्य ही दोन्ही कर्तव्ये एकाच कलमात शेजारी-शेजारी लिहिलेली आहेत. दुसरे पार पाडताना पहिले बाजूला ठेवण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही.

त्याआधी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या प्रकरणात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला होता. त्या पीठात न्या. पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचे न्यायमूर्ती होते. सरकार या लहरींचे मालक नाही. जनतेच्या वतीने त्या सांभाळणारा तो विश्वस्त आहे, असा या निकालाचा आशय आहे.

मग अडते कोठे?

पहिले कारण पैशाचे. प्रसार भारतीच्या कर्मचाऱ्यांचे वेतन केंद्राच्या अनुदानातून होते. एकेकाळी घरातल्या रेडिओचा परवाना असे व त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. ते शुल्क १९८० च्या दशकात रद्द झाले आणि लोकांची कटकट गेली, हे खरे. पण त्याबरोबर श्रोता आणि रेडिओ यांच्यातील थेट नातेही संपले. श्रोत्याचा पैसा आता सरकारी तिजोरीतून वळसा घेऊन येतो आणि साहजिकच उत्तरदायित्वही तिजोरीच्या दिशेने वळते.

दुसरे कारण मनुष्यबळाचे. प्रादेशिक वृत्त विभागाची भिस्त जिल्ह्याजिल्ह्यांतील अंशकालीन वार्ताहरांवर असते. योजनेच्या उद्घाटनाचे पत्रक तयार मजकुरासह हाती येते. योजनेतून नाकारलेल्या रुग्णाची हकिकत मात्र शोधावी लागते, कागद तपासावे लागतात, रुग्णालयाचे म्हणणे घ्यावे लागते. मोजक्या मिनिटांच्या बातमीपत्रात आणि मोजक्या माणसांत पत्रकच बाजी मारते. यात कुणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. वृत्तसंस्थांच्या बाबतीतही स्रोत आकसले आहेत. प्रसार भारतीने २०२० मध्ये पीटीआयची वर्गणी थांबवण्याचा निर्णय घेतला आणि २०२३ मध्ये हिंदुस्थान समाचार या वृत्तसंस्थेशी करार केला. एकाच घटनेचे दोन-तीन वृत्तान्त समोर असण्याची सोय त्यामुळे घटली.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण मक्तेदारीचे. दूरचित्रवाणीवर खासगी वृत्तवाहिन्यांची गर्दी असली, तरी रेडिओवरील बातम्या आकाशवाणीपुरत्याच राखून ठेवल्या गेल्या. खासगी एफएम केंद्रांना २०११ च्या धोरणाने आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची मोकळीक दिली. स्वतःच्या बातम्यांची नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. सामुदायिक रेडिओची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' हे सामुदायिक केंद्र आहे. आसपासच्या गावांची भाषा, पिके, आजार यांच्याशी अशा केंद्राचे नाते जवळचे असते. तरीही २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने अशा केंद्रांवर बातम्या आणि चालू घडामोडींना मज्जाव केला. मधुमेहात काय खावे, हे असे केंद्र सांगू शकते. परंतु जवळच्या रुग्णालयात मधुमेहाची औषधे संपली आहेत, ही बातमी झाली.

वृत्तपत्रांनीही येथे फार शहाणपणा मिरवू नये. सरकारी जाहिरातींचा भार आमच्याही पानांवर असतो आणि योजनेच्या पानभर जाहिरातीशेजारी त्या योजनेची चिकित्सा किती वेळा छापली जाते, हा प्रश्न वाचकाने विचारावा असाच आहे. फरक एवढाच, की वाचक दुसरे वृत्तपत्र घेऊ शकतो. बातम्यांसाठी दुसरा रेडिओ लावण्याची सोय श्रोत्याला नाही.

एक निर्णय, दोन खाती

घोषणा आणि मर्यादा यांतील अंतर किती महागात पडू शकते, याचे अलीकडचे उदाहरण घेऊ. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्व तपासण्या व उपचार मोफत करण्यात आले. प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंतच्या २,४१८ संस्थांना हा निर्णय लागू झाला. निर्णय मोठा होता आणि स्वागतार्हही होता. मात्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. ती या निर्णयात नव्हती.

सामान्य माणसाच्या लेखी दोन्ही 'सरकारी दवाखाने'च. बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुण्यात ससून आहे, औंधचे जिल्हा रुग्णालयही आहे. कोणत्या दारावर केसपेपरचे पैसे लागतील आणि कोणत्या दारावर नाही, हे 'सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत' या वाक्यातून कळत नाही. त्यानंतर दीड महिन्यातच, ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मोफत उपचाराचा निर्णय आणि औषधे, खाटा व मनुष्यबळ यांची उपलब्धता या दोन गोष्टी एकत्र मांडल्याखेरीज आरोग्यसुधारणा कोठवर आली, हे श्रोत्याला समजणार नाही. एका दिवशी निर्णय आणि दुसऱ्या दिवशी दुर्घटना, अशा सुट्या बातम्यांतून तो संबंध जुळत नाही.

दुसरा आवाज मिळतच नाही, असेही नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. सोबत अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि ठाणे. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक तयार करावे आणि जनसुनवाईत डॉक्टर व अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडावेत, अशी ती पद्धत होती. सरकारी कार्यक्रमाच्या चौकटीतच नागरिकाला बोलते करण्याची ही रीत होती. सरकारी अभियानाला जे चालले, ते सरकारी रेडिओला न चालण्याचे कारण नाही.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत २००९-१० मध्ये आरोग्यविम्याच्या सुधारणेवर रण माजले. २३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी त्या कायद्यावर स्वाक्षरी केली. या काळात तेथील सार्वजनिक रेडिओवर, एनपीआरवर, दोन्ही बाजूंनी टीका झाली. उजव्यांच्या मते तो सुधारणेच्या बाजूने झुकला होता, तर डाव्यांच्या मते सर्वांसाठी एकच सरकारी विमा हा पर्याय त्याने पुरेसा चर्चेत आणला नाही. तेथे श्रोत्यांच्या तक्रारींची जाहीर दखल घेणारा लोकपाल होता, ही जमेची बाजू. पुढे २०२५ मध्ये पक्षपाताचाच ठपका ठेवून तेथील सरकारने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे ११० कोटी डॉलरचे अनुदान काढून घेतले. ब्रिटनमध्ये बीबीसी परवाना शुल्कावर चालते. तिच्यावरही आरोप होतात, पण तक्रार ऐकणारी बाहेरची नियामक संस्था आहे. पैशाची व्यवस्था कोणतीही असो, श्रोत्याला दाद मागण्याची जागा हवी, हे या दोन्ही देशांच्या अनुभवातून दिसते.

आपल्या कायद्यातही ती जागा आहे. श्रोत्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रसारण परिषद आणि देखरेखीसाठी संसदीय समिती, अशी दुहेरी तरतूद १९९० च्या कायद्यात केली गेली. ती कागदावरच राहिली.

रेडिओ बंद करणे हा उपाय नव्हे

पक्षपाताच्या तक्रारीतून रेडिओच नको, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. जून २०२३ मध्ये प्रसार भारतीने आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचे ठरवले. २ ऑक्टोबर १९५३ पासून चालत आलेल्या केंद्राचे सकाळी सात वाजून दहा मिनिटांचे बातमीपत्र ही पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक घरांची सवय आहे. सर्व पक्षांतून विरोध झाला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. बातमीपत्र जितके दूर जाईल, तितकी योजनेची गावपातळीवरील मर्यादा सांगणे अवघड होईल.

उपाय साधेच आहेत. योजनेच्या प्रत्येक बातमीत ती कोणत्या जिल्ह्यांना, कोणत्या शिधापत्रिकेला, कोणत्या रुग्णालयांना लागू आहे आणि कोणाला नाही, हे एका वाक्यात सांगावे. मंत्र्यांच्या निवेदनानंतर डॉक्टर, रुग्णहक्क कार्यकर्ते किंवा विरोधी पक्ष यांपैकी एका वेगळ्या मताला जागा द्यावी. सहा महिन्यांनी त्याच योजनेची स्थिती सांगणारी बातमी द्यावी. हे अशक्य नाही. निवडणुकीच्या काळात मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ देण्याची पद्धत निवडणूक आयोगाच्या नियमांनुसार आकाशवाणी १९९८ पासून सांभाळत आली आहे. नियम असला की तोल साधता येतो, याचा हा घरचाच दाखला आहे.

जीवनदायी योजनेचे नाव २०१७ मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने विमा संरक्षण पाच लाख रुपयांवर नेऊन सर्व शिधापत्रिकाधारकांना सामावून घेण्याचे ठरले. नावे बदलली, रक्कम वाढली, व्याप्ती रुंदावली. प्रत्येक टप्प्याची घोषणा झाली. लोणी देवकरच्या रुग्णाचा प्रश्न मात्र २०१२ मध्ये होता तोच आहे : माझ्या आजाराला, माझ्या शिधापत्रिकेवर, माझ्या जवळच्या रुग्णालयात हे लागू आहे का, आणि नाही म्हटले तर दाद कोणाकडे मागायची? या प्रश्नाचे उत्तर देणारे बातमीपत्र कोणत्याही सरकारच्या विरोधात असणार नाही. ते फक्त श्रोत्याच्या बाजूचे असेल, आणि कायद्याला अभिप्रेत असलेली बाजू तीच आहे.